तेलाखालचं पाणी

आमच्या घरी थंडी आल्याची पहिली खबर आईच्या टाचा देतात. दिवाळी होऊन पंधरा दिवस होतात न होतात, तोच एका रात्री गोधडी पायावर ओढताना तिच्या टाचेत दोरा अडकतो. दुसऱ्या दिवशी साडीचा काठ अडकतो. डिसेंबर लागेपर्यंत टाचेच्या कडेला बारीक चिरा दिसू लागतात आणि संक्रांतीच्या सुमारास त्यातली एखादी इतकी खोल जाते, की सकाळी उठून फरशीवर पाय टेकताना ती आधी भिंतीला हात लावते. तिचं माहेर सिंधुदुर्गातलं, सासर निफाडच्या बाजूचं. लग्नाआधी सड्यावरच्या कातळावर अनवाणी फिरूनही आपले पाय कधी फुटले नाहीत, आणि इथे आल्यावर पहिल्याच थंडीत फुटले, हे ती अजून सांगते.

उपाय मात्र ती माहेरचाच करते. मामाकडून दरवर्षी कोकमाच्या बियांच्या तेलाचा एक घट्ट, पांढरट गोळा येतो. हाताच्या मुठीत दाबून वळतात म्हणून त्याला मुठेल म्हणतात, गोव्याकडे भिरंडेल. रात्री पळीत थोडं वितळवायचं, भेगांमध्ये भरायचं आणि झोपायचं. कित्येक वर्षं तिने हे नेमाने केलं आणि कित्येक वर्षं ते अर्धंच लागू पडलं. आग कमी व्हायची, भेग राहायची. मुठेल चांगलं होतं, नेमही चांगला होता. मग चुकत काय होतं, हे शोधू लागल्यावर मी १९५२ सालच्या एका साध्या प्रयोगापर्यंत जाऊन पोहोचलो.

आयर्विन ब्लँक नावाच्या अमेरिकन संशोधकाने तळपायाच्या घट्ट्याचे तुकडे घेतले आणि वाळवले. वाळलेला तुकडा वाकवला की कडकन मोडायचा. असे तुकडे त्याने वेगवेगळ्या तेलांत आणि मलमांत बुडवून ठेवले. बाहेर काढल्यावरही ते तसेच ठिसूळ. मग पाण्यात टाकले, आणि ते चामड्याच्या पट्टीसारखे लवचीक झाले. कातडीला मऊपणा पाण्यामुळे येतो, तेलामुळे नाही, ही गोष्ट त्याने अशी हातात धरून दाखवली. वरच्या थरातलं पाणी वजनाच्या सुमारे दहा टक्क्यांखाली गेलं की तो थर कडक होऊन तडकतो, हेही त्याच कामातून पुढे आलं.

याची खात्री घरीही करता येते. आंघोळीआधी पायाच्या अंगठ्याचं नख कापून पाहा, आणि आंघोळीनंतर कापून पाहा. आंघोळीनंतर नेलकटर अलगद चालतो. नखाला तासभर तेल चोपडून ठेवलं तरी तो फरक पडत नाही. नख आणि टाचेची कातडी एकाच जातीच्या प्रथिनाची बनलेली आहेत.

मग तेलाचं काम काय? आमच्या भागातला शेतकरी हे एका वाक्यात सांगेल. पाऊस संपल्यावर काळी जमीन जसजशी वाळते तसतशी आकसते, आणि आकसताना फाटते. त्या भेगा बुजायच्या तर ओल पाहिजे. ओल टिकवायची तर वर उसाच्या पाचटाचं आच्छादन पाहिजे. तेल म्हणजे ते पाचट. कोरड्या ठाक रानावर कितीही पाचट पसरलं तरी भेग मिटत नाही. आधी पाणी द्यायचं, वाफसा आला की झाकायचं. आई रोज रात्री कोरड्या टाचेवर तेल घालत होती. दिवसभर सुकलेल्या रानावर आच्छादन टाकत होती.

आता हे रान जवळून पाहू. आपल्या अंगावरचा सगळ्यात बाहेरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. हाता-पोटावर अशा पंधरा-वीस पापुद्र्यांची मिळून जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढी, म्हणजे वहीच्या कागदाहूनही किती तरी पातळ. टाचेवर मात्र तोच थर मिलिमीटरभर आणि त्याहूनही जाड. पीटर इलायस या संशोधकाने १९८० च्या दशकात या थराला विटांच्या भिंतीची उपमा दिली आणि ती रूढ झाली. चपट्या पेशी या विटा, आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांचं स्निग्ध मिश्रण. आतून वर झिरपणारं पाणी हा चुना अडवून धरतो. पूर्ण अडवत नाही. घाम नसतानाही मोठ्या माणसाच्या अंगावरून दिवसाला तीन-चारशे मिलिलिटर पाणी नकळत उडून जातं. चुना झिजला की हे उडणं वाढतं.

विटांच्या आतही पाणी धरून ठेवणारी द्रव्यं असतात: अमिनो आम्लं, लॅक्टिक आम्ल, आणि युरिया. हो, तोच युरिया. खताची गोणी पावसाळ्यात उघडी राहिली तर तिच्यात ढेकळं होतात, कारण युरिया हवेतली ओल ओढून घेतो. कातडीतही तो तेच करतो. म्हणून टाचांच्या चांगल्या मलमांवर दहा टक्के, वीस टक्के युरिया असं लिहिलेलं असतं. हा औषधी प्रतीचा, मोजून मिसळलेला युरिया. गोणीतला खताचा युरिया पायाला लावू नये, हे सांगून ठेवणं बरं.

कोंडा का निघतो, याचंही उत्तर या पाण्यातच आहे. जुन्या पेशी रोज गळतात, पण एकेकट्या, डोळ्यांना न दिसता. त्यांना एकमेकींपासून सोडवणारी विकरं म्हणजे एन्झाइम ओलाव्याशिवाय चालत नाहीत. थर कोरडा पडला की पेशी सुटेनाशा होतात, चिकटून राहतात, आणि मग पोपडे धरून निघतात. नडगीवर नखाने रेघ ओढली की पांढरी उमटते ती याच पोपड्यांमुळे. मळ साचला असं समजून लोक अशा वेळी अंगाला दगड लावतात, साबण दुप्पट लावतात. त्याने उरलासुरला चुनाही निघून जातो.

टाच सगळ्यात आधी का फुटते? तळपायाला आणि तळहाताला तेलाच्या ग्रंथी नाहीत. बाकीच्या अंगाला स्वतःचं थोडं तेल मिळतं, तळव्यांना नाही. वर जाड, कडक थर, त्यावर सगळ्या देहाचा भार. पाऊल टेकलं की टाचेची गादी दोन्ही बाजूंना पसरते, पण कडेची वाळलेली साल पसरत नाही, म्हणून फाटते. मागून उघड्या चपलेत गादीला पसरायला मोकळीक जास्त, बुटात कमी. या फुटण्याला आपल्याकडे जळवात म्हणतात. भातलावणीत बोटांच्या बेचक्यात होतात त्या चिखल्या वेगळ्या. त्या पाण्याने आणि बुरशीने होतात आणि तिथे कोरडं ठेवणं हाच उपाय असतो. दोन्हींवर एकच मलम फासणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आता आईच्या माहेर-सासरचा फरक. हवा जितकी गार तितकी तिच्यात वाफ कमी मावते. दहा अंश तापमानाला एक घनमीटर हवेत फार तर साडेनऊ ग्रॅम पाणी राहतं, तीस अंशांना तीस ग्रॅम. निफाडला डिसेंबरच्या पहाटे द्राक्षाच्या पानावर दव टपटपत असतं, हवा पाण्याने तुडुंब भरलेली वाटते. पण दुपारी तीच हवा तीस अंशांपर्यंत तापली आणि तिच्यात नवं पाणी कुठून मिसळलं नाही, तर ती फक्त एक-तृतीयांश भरलेली राहते. भुकेली हवा असते ती. वाळत घातलेली साडी तासाभरात खडखडीत करते, आणि अंगावरचं पाणीही तसंच ओढते. त्यात उत्तरेकडून येणारा वारा. कोकणात समुद्र दिवसभर हवेत पाणी घालत राहतो, म्हणून तिथे खोबरेल चोपडलं की भागतं. देशावर, मराठवाड्यात, विदर्भात भागत नाही.

याहून बिकट गत परदेशात मुलांकडे गेलेल्या आईवडिलांची होते. बाहेर उणे पाच अंश, आत हीटरने केलेले एकवीस. बाहेरची हवा आत येऊन तापली की तिची आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. बर्फ पडतोय आणि अंगाला राजस्थानचं वाळवंट लागलंय, अशी ही अवस्था. पाणी पिऊन पिऊन ती सुधारत नाही. वरच्या मेलेल्या थरात रक्तवाहिन्याच नाहीत, तिथे येतं ते खालून झिरपून, आणि वाटेत टिकलं तरच. तहान भागेल इतकं पाणी प्यायलाच हवं, पण अर्धा तांब्या जास्त प्यायल्याने टाच सांधत नाही.

इथे एक प्रश्न कुणीही विचारील, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाण्यानेच कातडी मऊ होते, तर ज्यांचे हात दिवसभर पाण्यात असतात त्यांचे हात का फुटतात? चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा हात थंडीत कधी हातात घेऊन पाहा. बोटांच्या पेरांवर आडव्या चिरा, अंगठ्याच्या टोकाला नखाजवळ एक उभी भेग, तिच्यात मिरचीचा हात लागला की डोळ्यांत पाणी येतं. पाणी कमी पडलं म्हणून हे झालेलं नसतं. भांड्यांची पावडर आणि धुण्याचा सोडा विटांमधला चुना विरघळवतात, विटांमधली पाणी धरणारी द्रव्यं धुवून नेतात, आणि मग तो हात पदराला पुसून पुन्हा भुकेल्या हवेत. ओल धरायला काही उरलंच नाही, तर नुसतं पाणी आलं तसं जातं. पेंढी सुटलेल्या छपरावर पाऊस पडावा तसं. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईसाठी मोरीशेजारी एक हातमोज्यांची जोडी आणि साध्या पेट्रोलियम जेलीची डबी ठेवणं, आणि काम संपल्यावर ओल्या हाताला ती लावायला दोन मिनिटं देणं, हे घरमालकिणीने आणि घरमालकानेही करण्यासारखं आहे. हातमोजे आत ओले झाले तर काढून वाळवायचे; ओल्या रबरात हात अजून कुजतात.

साबणाचंही तेच. आपल्या कातडीचा स्वभाव किंचित आंबट, सामू पाचच्या आसपास. नेहमीच्या साबणाचा नऊ-दहा. त्यात थंडीचं कढत पाणी. बंब पेटवून, वाफा येणारं पाणी अंगावर घेत बसण्याचं सुख मला ठाऊक आहे, पण भांड्याचा तुपकटपणा कोणत्या पाण्याने जातो, हे प्रत्येक स्वयंपाकघर जाणतं. तोच नियम अंगाला. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांत आटपलेली आंघोळ, आणि साबण काखा, जांघा, पाय एवढ्यापुरता. हातपाय आणि पाठ शहरातल्या बैठ्या माणसाचे रोज साबणाने धुण्याइतके मळत नाहीत.

आपल्या दिवाळीच्या अभ्यंगाची रचना या दृष्टीने पाहिली तर मला तिचं फार कौतुक वाटतं. आधी तेल जिरवायचं, मग उटणं, मग पाणी. डाळीचं पीठ, आंबेहळद, वाळा, नागरमोथा, गव्हला कचरा यांचं उटणं जास्तीचं तेल आणि मळ टिपून घेतं, सगळं तेल ओढून नेत नाही. आधी लावलेलं तेल पाण्याच्या आणि घासण्याच्या माऱ्यापासून आतल्या चुन्याला आडोसा देतं. थंडीच्या तोंडावर हे चार दिवस करून आपण थांबतो. थांबण्याचं कारण नाही. आठवड्यातून दोनदा तरी साबणाऐवजी मसुराच्या डाळीचं पीठ आणि साय घेऊन पाहावं. वृद्ध माणसांच्या अंगाला तर हाच प्रकार मानवतो. एक काळजी घ्यायची: तेलकट मोरी निसरडी होते, आणि म्हाताऱ्या माणसाचं पडणं कोरड्या कातडीहून शंभरपट महाग पडतं. तेल बाहेर खुर्चीवर बसवून लावावं, मोरीत खरखरीत पायपुसणं टाकावं.

तेलं सगळी सारखी नाहीत. आच्छादन म्हणून सगळ्यात घट्ट म्हणजे पेट्रोलियम जेली. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवर रॉबर्ट चेसब्रो नावाच्या तरुण रसायनज्ञाने पाहिलं, की पंपाच्या दांड्यांना साचणारा मेणचट चिकटा कामगार कापल्याभाजल्यावर लावतात. तो शुद्ध करून १८७२ मध्ये त्याने पेटंट घेतलं आणि व्हॅसलीन जगभर गेलं. पाणी अडवण्यात आजही त्याच्या जवळपास येणारं दुसरं काही सहज मिळत नाही. हजार रुपयांच्या नक्षीदार बाटलीने होणारं पुष्कळसं काम चाळीस-पन्नास रुपयांच्या डबीने होतं, हे मी ठामपणे म्हणेन. तिचा दोष एकच, चिकटपणा. म्हणून ती रात्रीसाठी.

खोबरेल दिवसा वापरायला हलकं. फिलिपिन्समध्ये कोरड्या कातडीच्या रुग्णांवर खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली तेव्हा दोन्ही सारखीच उतरली. थंडीत बाटलीत थिजतं ते बिघडलं म्हणून नव्हे. चोवीस अंशांच्या आसपास ते थिजतंच. बाटली कोमट पाण्यात उभी करावी. करडई आणि सूर्यफूल या तेलांत लिनोलेइक आम्ल भरपूर, आणि सेरामाइड घडवायला कातडीला तेच लागतं. ढाक्यात दिवस न भरता जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाने हलकं मालिश केलं, तेव्हा त्यांच्यातले रक्तातले जंतुसंसर्ग लक्षणीय कमी झाले, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. बाळाची कातडी हीच त्याची पहिली तटबंदी, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? उलट ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल जास्त, ते चुना सैल करतं. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अभ्यासात मोठ्या माणसांच्या निरोगी कातडीवरही हा दुष्परिणाम दिसला. बाळंतिणीच्या खोलीत महागाची ऑलिव्हची बाटली कौतुकाने आणली जाते. ती स्वयंपाकघरात न्यावी. आणि तेल लावणाऱ्या बाईंना हात हलका ठेवायला सांगावं. नाजूक कातडी रगडून मजबूत होत नाही.

आपल्या जुन्या मलमांत पाणी आणि स्नेह एकत्र बांधायची हुशारी होती. शतधौत घृत घ्या. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं, पाणी घालून तळहाताने फेटायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा घालायचं, असं शंभर वेळा. पहिल्या दहा-बारा धुण्यांतच पिवळसर तूप पांढरं पडू लागतं, त्याचा वास जातो, आणि शेवटी लोण्याहून मऊ, गार असं काही तरी हाती येतं. तुपाच्या पोटात पाण्याचे सूक्ष्म थेंब कोंडले गेलेले असतात. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलन मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी घोटून मलम करायचा. आजचं कोल्ड क्रीम त्याचंच वंशज. लावल्यावर पाणी उडताना गारवा देतं, म्हणून कोल्ड.

मुठेलाकडे परत येतो, कारण माझा जीव त्यात आहे. एप्रिल-मे महिन्यांत कोकमं फोडून सालींची आमसुलं घालतात, तेव्हा बिया बाजूला पडतात. त्या धुऊन खळ्यात कडक वाळवायच्या. मग फोडून, कुटून, वाटून मोठ्या टोपात पाण्याबरोबर उकळायच्या. स्नेह वर तरंगतो. गार झाला की वर पांढरट थर धरतो, तो काढून, पुन्हा वितळवून, गाळून, कोमट असतानाच मुठीत दाबायचा. गोळ्यावर चार बोटांच्या खाचा उमटतात. यात स्टिअरिक आम्ल मोठ्या प्रमाणात असतं, त्यामुळे खोबरेलासारखं ते थिजून-वितळून छळत नाही. चाळीस अंशांच्या आसपास वितळतं; म्हणजे कोकणच्या उन्हाळ्यातही फडताळात घट्ट राहतं, आणि पळीत क्षणभर धरलं की पातळ होतं. गार होताच भेगेत पुन्हा घट्ट बसतं. टाचेसाठी याहून नेमकं आच्छादन माझ्या पाहण्यात नाही.

पण पळीतून चर्र करत थेट भेगेत ओतण्याची जी पद्धत आहे, ती मोडायला हवी. चटका बसल्याने आत काही शेकून बरं होत नाही, भाजतं. मधुमेह असलेल्या माणसाला तर तो चटका कळतही नाही. त्याच्या पायाच्या संवेदना मंदावतात, तळव्याला घाम येणंही कमी होतं, त्यामुळे टाच अधिकच कोरडी पडते आणि फुटलेली समजत नाही. त्या भेगेतून जंतू आत गेले की पायावर बेतू शकतं. घरात मधुमेही असेल तर रोज रात्री त्याचे तळवे कुणीतरी उजेडात पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. बोटांच्या बेचक्यात मलम घालू नये, तिथे कोरडंच बरं. आणि ब्लेडने घट्टा तासणं कुणीच करू नये.

आता आम्ही घरी करतो ते असं. रात्री जेवणं झाल्यावर घमेल्यात कोमट पाणी, हाताच्या कोपराला सुखद लागेल इतकंच. आई त्यात पंधरा मिनिटं पाय सोडून बसते. सालपट फुगून पांढरं पडतं. मग वजरीने दोन-चार हात, एकाच दिशेने, हलके. रोज थोडी झीज पुरते. एका रात्रीत गुळगुळीत करायला गेलं की रक्त येतं. पंच्याने पाय टिपायचे, घासायचे नाहीत. आणि टिपून तीन मिनिटांच्या आत, तळवा अजून दमट असतानाच, आधी युरियाचं मलम आणि वरून कोमट मुठेल. सुती मोजे चढवायचे आणि झोपायचं. मोज्यांना ती सुरुवातीला तयार नव्हती, पाय कोंडल्यासारखे होतात म्हणायची. जुने, ढिले मोजे दिल्यावर रुळली.

अंगाला हाच क्रम. आंघोळीनंतर टॉवेलने खसाखसा कोरडं होण्याआधी, मोरीच्या दारातच तेल किंवा क्रीम. ग्लिसरीन लावणाऱ्यांनीही ते ओल्या अंगावर, गुलाबपाण्यात पातळ करून लावावं आणि वर तेलाचा हात फिरवावा. नुसतं घट्ट ग्लिसरीन कोरड्या हवेत कातडीतलंच पाणी वर ओढतं, ते चुरचुरतं त्यामुळे. लोकरीचा स्वेटर अंगाला थेट लागू देऊ नये, आत सुती सदरा असावा. ओठ फुटले की मुलं जीभ फिरवतात. लाळ सुकताना होतं तेही पाणी घेऊन जाते आणि तिच्यातली पाचक द्रव्यं नाजूक कातडीला चावतात. बेंबीत तूप घातल्याने ओठ बरे होतात असं आजी सांगायची. बेंबीपासून ओठापर्यंत वाट नाही. ते तूप ओठांवरच लावावं, झोपताना.

काही कोरडेपणा घराण्यातूनच येतो. आजी, आई, नात तिघींच्या नडग्यांवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी, तळहातावरच्या रेषा इतरांपेक्षा खोल. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर पाणी धरणारी द्रव्यं मुळातच कमी तयार होतात, हे २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवलं. अशा मुलांना आळशी, अस्वच्छ म्हणून शाळेत हिणवलं जातं. त्यांचा काही दोष नसतो. त्यांना वर्षभर, दिवसातून दोनदा मलम लागतं, इतकंच.

आणि सगळी खाज कोरडेपणाची नसते. रात्री खाज वाढते आणि घरात दोघातिघांना आहे, तर ती खरूज असू शकते. गोल, कडेने उठलेला चट्टा गजकर्णाचा. अशा वेळी दुकानातून सांगून आणलेली, स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब लावू नये. चार दिवस गुण दिसतो, मग चट्टा पसरतो आणि कातडी पातळ होते. थंडी सरूनही अंग कोरडंच राहिलं, सोबत थकवा असेल, वजन वाढत असेल, तर थायरॉइड तपासून घ्यावा. म्हाताऱ्या माणसाची अंगभर खाज तेलाने दोन-तीन आठवड्यांत हटली नाही, तर मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या डॉक्टर सांगतील, त्या कराव्यात. भेगेतून रक्त किंवा पू आला, भोवती लाली पसरली, तर घरचे उपाय तिथेच थांबवायचे.

वरचा थर साधारण दोन आठवड्यांत नवा येतो. आईच्या टाचेला तेवढाच वेळ लागला. नवव्या-दहाव्या रात्री चालताना ठणकणं थांबलं, पंधराव्या रात्री गोधडी ओढली तेव्हा दोरा अडकला नाही. तिने पाय पुन्हा एकदा गोधडीवरून फिरवून पाहिला.

फेब्रुवारीच्या शेवटी मुठेलाचा गोळा सुपारीएवढा उरला होता, मामीच्या बोटांच्या खाचा केव्हाच झिजल्या होत्या. आईने तो फडक्यात बांधून फडताळात ठेवला. मामाला फोन करून सांगितलं, यंदा बिया जरा जास्त वाळव, भांडीवाल्या ताईंनाही एक गोळा हवा आहे.